पाणबुडीचा जमाखर्च

पुणे जिल्ह्यात राहू हे गाव शोधायचं तर आधी दोन नद्या धराव्या लागतात. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा. भीमेपलीकडे शिरूर तालुका, अलीकडे दौंड. रांजणगाव सांडसच्या परिसरात दोघी एकत्र येतात आणि त्यांच्या बेचक्यातल्या उसाच्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. समुद्र इथून पार घाटाखाली. तरी एक कल्पना करून पाहण्याजोगी आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘खांदेरी’ ही पाणबुडी अरबी समुद्रात नीट तोलून घेतली, आणि मग जशीच्या तशी उचलून, राहूवरून वाहत गेलेलं पाणी जिथे साठतं त्या उजनीच्या जलाशयात सोडली, असं समजू. एक माणूस वाढवला नाही, एक खिळा जास्त ठेवला नाही. समुद्राच्या पोटात जागच्या जागी स्थिर राहणारं हे जहाज उजनीत मात्र तळ गाठेल. त्याच्यावर सुमारे ४३ टन जादा वजन ठेवल्यासारखी त्याची गत होईल. जहाज जड झालेलं नसेल. पाणी हलकं मिळालेलं असेल. समुद्राच्या पाण्याचा घनमीटर साधारण १०२५ किलोंचा, नदीच्या पाण्याचा १००० किलोंचा. पाण्याखाली असताना हे जहाज सुमारे १७३० घनमीटर पाणी बाजूला सारतं. दर घनमीटरमागे २५ किलोंचं प्लावक बल गेलं, की ४३ टन होतात.

पाणबुडीचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, त्यात या ४३ टनांना जागाच नाही. शालेय पुस्तकांतून ते चित्र आलेलं आहे: टाक्या पाण्याने भरल्या की पाणबुडी खाली, टाक्या रिकाम्या केल्या की वर. चित्र खोटं नाही. पण ते पाणबुडीच्या प्रवासाची फक्त दोन टोकं दाखवतं, आणि पाणबुडीचं आयुष्य त्या दोन टोकांच्या मधे जातं. माझं म्हणणं असं की टाकी भरणं हा बुडीतला सर्वांत सोपा भाग आहे. खरी विद्या आहे ती जहाजाचं वजन आणि त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन सतत एकमेकांच्या जवळ ठेवण्यात. ज्या पाणबुडीला हे साधत नाही ती आवाज करते, बॅटरी लवकर संपवते, आणि वाईट दिवशी परत येत नाही. प्लावक बल म्हणजे पाणबुडीचं आत जाण्याचं आणि बाहेर येण्याचं दार, असं समजलं जातं. प्रत्यक्षात तिचं लपणंही त्याच्यावरच उभं आहे.

आधी टाक्यांचं काम पाहू, कारण त्याविषयीही एक गैरसमज आहे. पाणी आत ओढायला पंप लागतो असं बहुतेकांना वाटतं. लागत नाही. मुख्य बॅलास्ट टाक्यांना तळाशी भोकं असतात आणि माथ्यावर झडपा. पृष्ठभागावर असताना माथ्याच्या झडपा बंद असतात आणि आत कोंडलेली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. बुडी घेताना या झडपा उघडतात, हवा निसटते आणि पाणी आपसूक खालून चढतं. ‘खांदेरी’ ज्यातली आहे त्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुडीचं वजन पृष्ठभागावर सुमारे १६०० टन भरतं आणि पाण्याखाली सुमारे १७७५ टन. मधला फरक म्हणजे या टाक्यांतलं पाणी. या टाक्या एक तर पूर्ण भरायच्या, नाही तर पूर्ण रिकाम्या ठेवायच्या. अर्धी भरलेली टाकी घेऊन पाण्याखाली राहणं धोक्याचं, कारण टाकीतली उरलेली हवा जितकं खोल जावं तितकी दबते, तिच्या जागी आणखी पाणी शिरतं, जहाज आणखी जड होऊन आणखी खोल जातं. खाली घसरणाऱ्याला खालीच ढकलणारी ही साखळी आहे. अमेरिकी नौदलाने १९०० साली विकत घेतलेल्या पहिल्या पाणबुडीचा रचनाकार जॉन हॉलंड याला हे उमगलं होतं. त्याने टाक्या गच्च भरल्या, जहाज पाण्यापेक्षा किंचित हलकंच ठेवलं, आणि पुढे जाण्याच्या वेगाच्या जोरावर आडव्या पंखांनी त्याला खाली नेलं. म्हणजे टाक्यांनी फक्त उंबऱ्यापर्यंत आणायचं आणि आत न्यायचं ते पंखांनी, ही वाटणी सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरली.

मग टाक्या भरल्यावर जहाज पाण्याच्या बरोबरीचं झालं, की काम संपलं का? इथेच भौतिकशास्त्र आडवं येतं. बरोबरीचा हा बिंदू टिकाऊ नाही. जहाज खोल जाऊ लागलं की दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, पोलादी कवच सूक्ष्म प्रमाणात आकसतं, सोनारचे ध्वनितरंग शोषून घेण्यासाठी बाहेरून बसवलेल्या रबरी लाद्या असतील तर त्याही दबतात, आणि बाजूला सारलेलं पाणी कमी होतं. वजन तेच, प्लावक बल कमी. उलट दिशेने काम करणारी गोष्टही आहे: खोलवर पाणी थंड आणि दाबलेलं, म्हणून थोडं जड असतं, आणि ते जहाजाला वर रेटतं. या दोन्हींपैकी कोणती वरचढ ठरेल हे जहाजाच्या बांधणीवर आणि त्या दिवशीच्या समुद्रावर अवलंबून असतं. त्यामुळे एकदा तोललं आणि विसरलं असं पाणबुडीत कधीच होत नाही. या बारीक तोलाला नौदलात सगळे ‘ट्रिम’ म्हणतात. त्यासाठी मुख्य टाक्यांपासून वेगळ्या, खोलवरच्या दाबाला टिकणाऱ्या लहान टाक्या असतात. त्यांत टना-दोन टनाच्या हिशेबात पाणी घेता येतं, बाहेर टाकता येतं, आणि पुढच्या टाकीतून मागच्या टाकीत ढकलता येतं.

हा हिशेब किती बाजूंनी बिघडतो ते पाहिलं की त्याची किंमत कळते. सुमारे दीड टनाचा टॉर्पेडो सुटला, तर ते वजन त्याच क्षणी आणि त्याच जागी पाण्याने भरून काढावं लागतं. नाही तर नाक वर उचललं जातं. रोजचं धान्य संपतं, कचरा बाहेर टाकला जातो, गोडं पाणी वापरलं जातं. डिझेलची गंमत तर उफराटी आहे. बऱ्याच पाणबुड्यांत इंधनाच्या टाकीत जळालेल्या डिझेलच्या जागी समुद्राचं पाणी येऊ देतात. डिझेलचा घनमीटर साधारण ८५० किलोंचा, समुद्राच्या पाण्याचा १०२५ किलोंचा. म्हणजे दर घनमीटर इंधन जाळल्यावर जहाज हलकं होण्याऐवजी पावणेदोनशे किलोंनी जड होतं, आणि शंभर घनमीटर जाळले तर साडेसतरा टनांनी. माणसंही या हिशेबात आहेत. सत्तर-सत्तर किलोंचे दहा जण चाळीस मीटर पुढे गेले तर जहाजाचा समतोल जाणवण्याइतका ढळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटींवर घाईची बुडी घ्यायची झाली की हाताशी काम नसलेले सगळे खलाशी नाकाकडे धावत सुटायचे, ते याच कारणाने. तिथे माणूस हा हलवता येणारा बॅलास्ट होता.

जहाजाच्या आतलं वजन निदान मोजता येतं. बाहेरचं पाणी मात्र विचारून बदलत नाही. दौंड-शिरूरच्या वाचकाला हे समजवायला साखर कारखान्याची प्रयोगशाळा पुरेशी आहे. रसाचा ब्रिक्स मोजायला तिथे काचेची वजनदार नळी रसात सोडतात. रस दाट असेल तर ती वर उचलली जाते, पातळ असेल तर खोल बसते, आणि तिच्या मानेवरच्या रेघेवरून आकडा वाचतात. पाणबुडी ही अशीच नळी आहे. फरक इतकाच की ती पूर्ण बुडालेली असल्यामुळे तिला आणखी थोडं खोल बसून भागत नाही. पाण्याचा दाटपणा जरा कमी झाला की ती खाली जाऊ लागते आणि जातच राहते. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता साधारण दर हजारी ३६. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ती ३० च्याही खाली येते. सहा एककांचा हा फरक घनमीटरमागे साधारण साडेचार किलोंचा, म्हणजे ‘खांदेरी’एवढ्या जहाजासाठी पावणेआठ टनांचा. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं पसरलेलं असतं. राहूवरून गेलेली भीमासुद्धा कृष्णेला मिळून शेवटी त्याच उपसागराकडे जाते. धरणांनी अडवून, उसाने पिऊन उरलेला तिचा वाटा आता फार मोठा नाही, पण दिशा तीच. खाली खाऱ्या पाण्यात तोललेली पाणबुडी पेरिस्कोप वर काढायला या गोड्या थरात शिरली, की तिला एकाएकी जड झाल्यासारखं होतं. नेमक्या त्याच उंचीवर लाटा तिला वर खेचत असतात. एकीकडे बुडण्याची भीती, दुसरीकडे शत्रूच्या नजरेसमोर पाठ उघडी पडण्याची. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमहून निघणाऱ्या पाणबुड्यांना हा हिशेब मुंबईहून निघणाऱ्यांपेक्षा जास्त सोसावा लागतो, असा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो.

यावर एक आक्षेप सहज येतो. आडवे पंख आणि जहाजाला पुढे ढकलणारा पंखा असताना दोन-चार टनांची एवढी चिंता कशाला? जहाज थोडं जड असेल तर नाक जरा वर धरून पुढे जात राहावं. विमानही हवेपेक्षा जडच असतं आणि उडतंच. आक्षेप खरा आहे, आणि वेगात असताना पाणबुड्या हेच करतात. पण पंखांवर मिळणारा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. दहा नॉटवर पंख जे वजन पेलतील, त्याचा चौथा हिस्साच पाच नॉटवर पेलतील, आणि अडीच नॉटवर सोळावा. डिझेल-विद्युत पाणबुडीला लपायचं असतं तेव्हा ती अशाच मुंगीच्या चालीने जाते, कारण वेगासाठी लागणारी शक्ती साधारण त्याच्या घनाने वाढते आणि बॅटरी मोजकीच असते. जास्तीचे पाच टन वेगाने पेलायचे ठरवलं, तर बॅटरी लवकर उतरते. मग लवकर स्नॉर्केल, म्हणजे हवा घेणारी नळी, वर काढून डिझेल इंजिन चालवावं लागतं, आणि इंजिन चालवणारी पाणबुडी ऐकू येते. पाणी बाहेर टाकणारा पंपही आवाज करतो. म्हणून निघतानाच अचूक तोललेलं जहाज हे शांत जहाज असतं. ट्रिमची चूक शत्रूच्या सोनारवर ऐकू येते, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

अणुपाणबुडीला हा नियम लागू नाही, असं कुणी म्हणेल. ‘अरिहंत’ला बॅटरीची चणचण नाही, मग तिने वेगाने जात वजन पेलावं. तिच्यासाठी लागणारे काही भाग राहूहून फार लांब नसलेल्या, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडले. आक्षेपाचं उत्तर तिच्या कामात आहे. क्षेपणास्त्र घेऊन फिरणाऱ्या पाणबुडीने महिनोन्‌महिने कुणालाही सापडू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. वेगात जाणं म्हणजे पंख्याचा आवाज, आणि पंख्याचा आवाज म्हणजे गस्तीचा हेतूच संपला. शिवाय एकेक क्षेपणास्त्र अनेक टनांचं. ते सुटल्यावर नळीत शिरणारं पाणी आणि गेलेलं वजन यांचा मेळ काही सेकंदांत बसावा लागतो, तोही जहाज जवळजवळ थांबलेलं असताना. उलट इथे ट्रिमची गरज वाढते.

दुसरा आक्षेप अधिक ताजा: हे सगळं आता संगणक करतो. कलवरी वर्गात खोली राखणं, पाणी इकडून तिकडे हलवणं यातलं बरंच काम यंत्रणा स्वतः सांभाळते, आणि माणसापेक्षा चांगलं सांभाळते. पण यंत्रणा परिणाम पाहून दुरुस्ती करते. गोदीत किती पेट्या चढल्या आणि कुठे ठेवल्या, हे कुणी सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. म्हणूनच बंदर सोडल्यावर आधी एक बुडी फक्त तोल तपासण्यासाठी घेतली जाते. पुढच्या मैलावर पाण्याचा दाटपणा बदलणार आहे, हेही यंत्रणेला आधी माहीत नसतं. चिनी माध्यमांनी २०१४ मध्ये त्यांच्या ३७२ क्रमांकाच्या पाणबुडीची हकीकत प्रसिद्ध केली होती. दाटपणा एकदम उतरलेल्या पाण्यात शिरून ती कड्यावरून पडावी तशी खाली घसरली आणि इंजिन विभागात नळी फुटून पाणी शिरलं; सगळ्या टाक्या एकाच वेळी फुंकून ती कशीबशी वर आली. इंडोनेशियाची ‘नांगाला’ २१ एप्रिल २०२१ रोजी बालीच्या उत्तरेला ५३ जणांसह बुडाली, तेव्हा तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी समुद्रांतर्गत लाटेची शक्यता बोलून दाखवली होती. वरचं हलकं पाणी आणि खालचं जड पाणी यांच्या सीमेवर उठणारी ही लाट पृष्ठभागावर धड दिसतही नाही.

वर येण्याबद्दलचा भरवसा तर आणखी ढिल्या पायावर उभा आहे. संकट आलं की दाबलेली हवा सोडायची, टाक्यांतलं पाणी बाहेर, जहाज वर. हे ऐकायला निर्धोक वाटतं. हिशेब असा. बाटलीत २५० वातावरण दाबाची हवा आहे असं धरू. दहा मीटरवर बाहेरचा दाब दोन वातावरणांचा, तेव्हा बाटलीतल्या एका लिटर हवेने सुमारे १२४ लिटर पाणी हटवता येतं. तीनशे मीटरवर बाहेरचा दाब ३१ वातावरणांचा. तीच बाटली तिथे जेमतेम सात लिटर हटवते. जिथे सुटकेची सर्वांत जास्त गरज, तिथे हवेची ताकद सर्वांत कमी. अमेरिकेची ‘थ्रेशर’ १० एप्रिल १९६३ रोजी खोल बुडीच्या चाचणीत १२९ जणांसह गेली. नळीच्या सांध्यातून पाणी शिरलं आणि अणुभट्टी बंद पडून गती गेली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. टाक्या फुंकायचा प्रयत्न झाला, पण हवा पुरेशी पोचली नाही. नंतर तशाच दुसऱ्या पाणबुडीवर गोदीत चाचणी घेतली, तेव्हा झपाट्याने फैलावणाऱ्या हवेच्या थंडीने तिच्यातला दमटपणा गोठून जाळ्या बर्फाने बुजत असल्याचं दिसलं. गती गेली म्हणजे पंख गेले, हवा अडली म्हणजे टाक्या गेल्या. उरलं फक्त जादा वजन. त्याच वर्षी तिथे सुरक्षेची जी काटेकोर प्रमाणपत्र-पद्धत सुरू झाली, तिचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे: पाणी आत येऊ नये आणि आलंच तर जहाजाला वर येता यावं.

रचनाकारांनी या भीतीला दिलेली उत्तरं मुंबईच्या गोदीत शेजारी-शेजारी पाहायला मिळाली आहेत. रशियन बनावटीच्या ‘सिंधुघोष’ वर्गाला दुहेरी कवच आहे. पृष्ठभागावर ती सुमारे २३०० टनांची आणि पाण्याखाली ३००० टनांहून जास्त. म्हणजे राखीव प्लावकता जवळजवळ एक तृतीयांश. एखादा कप्पा पाण्याने भरला तरी पृष्ठभागावर तरंगत राहावं, हा तिचा हिशेब. फ्रेंच रचनेच्या कलवरी वर्गात ही शिल्लक दहा टक्क्यांच्या आसपास. मोबदल्यात आटोपशीर अंग आणि कमी आवाज. कुठली निवड शहाणपणाची यावर नौदलांत अजूनही एकमत नाही, आणि मला वाटतं व्हायचंही नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या धोक्यांचा विचार करतात. मोठी शिल्लकही सगळ्याला पुरत नाही: १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री ‘सिंधुरक्षक’वर स्फोट झाले, तेव्हा ती धक्क्यालाच बुडाली आणि १८ जण गेले. तिसरं उत्तर जर्मन रचनेच्या ‘शिशुमार’ वर्गाचं. यातली ‘शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी माझगावहून नौदलात आली. या वर्गात सबंध चमू मावेल असा एक पोलादी गोल बसवलेला आहे. जहाज तळाला गेलं तर माणसांनी त्यात शिरायचं आणि गोल सोडवायचा. त्याला ना पंखा लागतो ना दाबलेली हवा, कारण तो मुळातच पाण्यापेक्षा हलका आहे. प्लावक बलाचा इतका साधा आणि इतका खात्रीचा उपयोग दुसऱ्या कुठल्या यंत्रात क्वचितच असेल. पण त्यासाठी जहाजातली मोलाची जागा कायमची द्यावी लागते, म्हणून पुढच्या कलवरी वर्गात तो नाही. तिथे भिस्त बाहेरून येणाऱ्या बचाव-पाणबुडीवर आहे. तसं एक यान २०१८ मध्ये मुंबईत दाखल झालं.

आता हा जमाखर्च नव्याने मांडायची वेळ माझगाववर आलेली आहे. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधन-घटांवर चालणारी एक यंत्रणा विकसित केली आहे. तिच्यामुळे बाहेरची हवा न घेता बॅटरी भरता येईल आणि पाणबुडीला जास्त दिवस खाली राहता येईल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने ही यंत्रणा सामावणारा कवचाचा तुकडा बांधून कलवरी वर्गात बसवण्याचा करार माझगावशी केला. म्हणजे तयार जहाज मधून कापायचं आणि त्यात नवा तुकडा जोडायचा. त्या तुकड्याने आपल्या वजनाएवढं पाणी स्वतःच बाजूला सारलं पाहिजे. थोडा जरी जड निघाला तर ते ओझं उरलेल्या जहाजाच्या माथी. जहाज लांबल्यावर नाक-शेपटीचा समतोल नव्याने काढावा लागेल. साठवलेला द्रवरूप प्राणवायू वापरला जाईल तसं वजन सरकेल. त्यातून तयार झालेलं पाणी आत ठेवलं की बाहेर टाकलं, यावरही ट्रिमच्या टाक्यांचं आकारमान ठरेल. बांधणीच्या वेळी अशा सगळ्या अनिश्चिततेसाठी रचनाकार पाणबुडीच्या तळाशी शिशाच्या विटा ठेवून देतात. जहाज अपेक्षेपेक्षा जड निघालं तर विटा काढायच्या, हलकं निघालं तर वाढवायच्या. पुढे वीस-तीस वर्षांत नवं सोनार आलं, नवी बॅटरी आली, की तेवढ्या वजनाचं शिसं उतरवायचं. गोदीतल्या तराजूवर प्रत्येक नळी आणि केबल चढण्याआधी तोलली जाते ती हे शिसं राखण्यासाठी. शिसं संपलं की त्या पाणबुडीत नवं काही बसवण्याची मुभाही संपते, मग तिची इंजिनं कितीही धडधाकट असोत.